खालचा गिअर कसा टाकावा : मॅन्युअल ट्रक शिकणाऱ्या नव्या चालकांसाठी

वरचा गिअर टाकणे बहुतेक शिकाऊ चालकांना लवकर जमते. खालचा गिअर टाकणे अंगवळणी पडायला मात्र बराच काळ जातो. वरचा गिअर टाकताना इंजिनाचे फेरे कमी व्हायला हवे असतात आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ते आपोआप कमी होतात, त्यामुळे चालकाला फक्त योग्य क्षणाची वाट पाहायची असते. खालचा गिअर टाकताना याच्या उलट फेरे वाढवावे लागतात, आणि दांडी न्यूट्रलमध्ये असताना जो सेकंदभराचा अवधी मिळतो तेवढ्यातच ते काम उरकावे लागते. त्यातून खालच्या गिअरची वेळ येते तीच मुळी अडचणीच्या जागी : वळण समोर दिसत असताना, चढावर गाडीची ओढ कमी होऊ लागली असताना किंवा मोठा उतार सुरू होण्याच्या बेतात असताना. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीमागे एकच सूत्र आहे, ते असे की खालचा गिअर गरज उभी राहण्याआधी टाकायचा असतो, गरज उभी राहिल्यावर नव्हे.

आधी गिअरबॉक्स ओळखून घ्यावा

नव्या ट्रकमध्ये बसल्यावर पहिली चौकशी ही करावी की गिअरबॉक्स सिंक्रोमेशचा आहे की साधा, म्हणजे सिंक्रो नसलेला. आजच्या दोन्ही प्रकारांत पुढच्या गिअरांची दातेरी चाके सहसा एकमेकांत कायम गुंतलेलीच असतात. दांडी हलवल्यावर ही चाके सरकत नाहीत, तर शाफ्टवर बसवलेली एक दातेरी कडी सरकते आणि हव्या त्या चाकाला शाफ्टशी जखडून टाकते. कडी आणि चाक सारख्या गतीने फिरत असतील तर कडी अलगद बसते. गती वेगवेगळ्या असतील तर दात दातांवर घासतात आणि ती सर्वांच्या ओळखीची खरखर ऐकू येते. सिंक्रोमेशमध्ये कडी बसण्यापूर्वी शंकूच्या आकाराची एक रिंग घर्षणाने दोन्ही गती जुळवून देते. साध्या गिअरबॉक्समध्ये ही रिंग नसते, त्यामुळे गती जुळवण्याचे काम चालकाच्या पायांकडे येते. डबल क्लच म्हणजे त्या रिंगेचे काम स्वतः करणे होय, आणि हे एकदा मनात ठसले की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

साध्या गिअरबॉक्सच्या अनेक ट्रकांत क्लच पेडलच्या अगदी शेवटच्या टप्प्यात क्लच ब्रेक असतो. पेडल तळाला टेकवले की हा ब्रेक गिअरबॉक्समध्ये जाणारा शाफ्ट थांबवतो, जेणेकरून उभ्या ट्रकमध्ये पहिला किंवा रिव्हर्स गिअर न खरखरता पडावा. चालत्या ट्रकमध्ये गिअर बदलताना पेडल तळापर्यंत नेले तर हाच ब्रेक शाफ्टची गती मारतो, म्हणजे खालच्या गिअरसाठी जे हवे असते त्याच्या नेमके उलटे घडते, शिवाय तो ब्रेक लवकर झिजतो. म्हणून चालत्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून वेगळे होतील इतकेच क्लच पेडल दाबण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. छोट्या गाड्यांवर शिकून आलेल्यांना पेडल तळापर्यंत दाबण्याची सवय असते, आणि ती मोडायला खरोखर वेळ लागतो.

फेऱ्यांचे गणित

समजा, सहाव्या गिअरमध्ये इंजिनाचे २ फेरे झाले की गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा १ फेरा होतो, आणि पाचव्या गिअरमध्ये त्याच एका फेऱ्यासाठी इंजिनाला २.७ फेरे घ्यावे लागतात. ट्रक सहाव्या गिअरमध्ये मिनिटाला १२०० फेऱ्यांवर चालला असेल तर बाहेरचा शाफ्ट ६०० फेरे घेत असतो. त्याच वेगाला पाचवा गिअर टाकायचा असेल तर इंजिन ६०० गुणिले २.७, म्हणजे १६२० फेऱ्यांवर आणावे लागेल. म्हणजे या जोडीत खालचा गिअर पडायला सुमारे ४०० फेरे वाढवावे लागतात. प्रत्येक ट्रकचे आणि प्रत्येक जोडीचे आकडे वेगळे असतात, पण पद्धत हीच असते.

आता हाच गिअर १८०० फेऱ्यांवर टाकायचा प्रयत्न केला तर काय होईल ते पाहावे. बाहेरचा शाफ्ट ९०० फेऱ्यांवर आहे, म्हणून पाचव्यासाठी २४३० फेरे लागतील, आणि अनेक जड डिझेल इंजिनांना इतके फेरे मंजूर नसतात. अशा वेळी साध्या गिअरबॉक्समध्ये गिअर पडतच नाही; सिंक्रोमेशमध्ये तो जोर लावून पडू शकतो, आणि धोका तिथेच आहे. क्लच सोडताच चाके इंजिनाला फिरवू लागतात. इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे फेऱ्यांवर मर्यादा ठेवणारा भाग, फक्त डिझेल तोडू शकतो, चाकांकडून येणारी गती त्याला अडवता येत नाही. फेरे मर्यादेपलीकडे गेले की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्यापर्यंत मजल जाते. क्लच दाबून ठेवला म्हणजे आपण सुरक्षित आहोत, ही समजूतही चुकीची आहे, कारण खालचा गिअर पडलेला असताना क्लचची प्लेट चाकांच्या जोरावर भलत्याच गतीने फिरत राहते आणि फुटूही शकते.

त्यामुळे आपल्या ट्रकचा एक छोटा तक्ता करून घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एका गिअरमध्ये वेग आणि फेरे यांचे प्रमाण कधीही बदलत नाही. एखाद्या गिअरमध्ये १५०० फेऱ्यांना ताशी ३० किलोमीटर वेग असेल तर २००० फेऱ्यांना तो ४० किलोमीटरच असणार. प्रत्येक गिअरमध्ये १५०० फेऱ्यांना किती वेग होतो तेवढे शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाकडून कागदावर नोंदवून घेतले, तर प्रत्येक गिअरची वरची आणि खालची हद्द काढता येते, आणि ‘या वेगाला कोणता गिअर’ या प्रश्नाचे उत्तर अंदाजावर सोडावे लागत नाही.

डबल क्लच, पायरीपायरीने

सपाट, मोकळा रस्ता आहे आणि सहाव्यावरून पाचव्यावर यायचे आहे, असे समजू. प्रथम वेग खाली आणावा. ॲक्सिलरेटर सोडून किंवा ब्रेक हलका दाबून आरपीएमचा, म्हणजे मिनिटाचे फेरे दाखवणारा, काटा १२०० च्या आसपास येऊ द्यावा आणि मग ब्रेकवरून पाय काढावा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हे दोन्ही उजव्या पायाचेच काम असल्यामुळे ब्रेक मारणे संपल्याखेरीज पुढची पायरी सुरू करता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

मग ॲक्सिलरेटर सोडलेला असतानाच क्लच थोडा दाबावा आणि त्याच हालचालीत दांडी न्यूट्रलमध्ये आणावी. दांडी ओढून काढावी लागत असेल तर गिअरच्या दातांवर अजून जोर आहे असे समजावे. क्लच पुरेसा दाबला गेला की ती बोटांच्या जोरावर बाहेर येते.

दांडी न्यूट्रलमध्ये आली की क्लच पूर्ण सोडावा. नवे चालक ही पायरी सर्वाधिक वेळा गाळतात. क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर दिला तर इंजिन एकटेच फिरते, गिअरबॉक्समधला शाफ्ट मागेच राहतो आणि सगळी मेहनत वाया जाते. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला तरच इंजिन आणि तो शाफ्ट जोडले जातात आणि इंजिनाबरोबर शाफ्टची गतीही वाढते.

आता ॲक्सिलरेटर दाबून फेरे हव्या त्या आकड्यावर न्यावेत, आपल्या उदाहरणात १६२० पर्यंत. एकदम खच्चून रेस देऊ नये आणि घाबरत घाबरतही देऊ नये. एकच ठाम, मोजका दाब पुरतो. फेरे थोडे जास्त झाले तर बिघडत नाही, कारण ते खाली येत असतानाच त्या आकड्यावर गिअर पकडता येतो. कमी पडले तर मात्र पुन्हा रेस द्यावी लागते, आणि तोवर ट्रकचा वेग बदललेला असतो.

फेरे जुळताच क्लच पुन्हा थोडा दाबून दांडी पाचव्यात न्यावी, क्लच सोडावा आणि ॲक्सिलरेटर हलका लावावा. सर्व जुळून आले असेल तर दांडी जणू स्वतःहून आत जाते आणि गाडीला धक्का बसत नाही. क्लच सोडताना गाडी पुढे ढकलल्यासारखी वाटली तर फेरे जास्त झाले होते, मागे खेचल्यासारखी वाटली तर कमी पडले होते. हा इशारा दर वेळी नोंदवत गेले की हात आपोआप सुधारत जातो.

हे सारे लिहायला आणि वाचायला लांब वाटले तरी प्रत्यक्षात दोन सेकंदांच्या आत होते. सुरुवातीला चार सेकंद लागले तरी क्रम बदलू नये. वेग सरावाने येतो, पण चुकीचा क्रम एकदा पायात बसला की तो सुटत नाही. काही अनुभवी चालक क्लच न वापरता, केवळ फेरे जुळवून गिअर बदलतात. नव्या चालकाने त्या वाटेला जाऊ नये, कारण त्या पद्धतीत चूक पचवून घेणारे काहीच उरत नाही आणि तिची किंमत थेट दातांना मोजावी लागते.

सिंक्रोमेश असलेल्या ट्रकमध्ये क्लच एकदाच दाबला तरी चालते. दांडी खालच्या गिअरच्या तोंडाशी नेऊन तिथे स्थिर, हलका दाब ठेवावा. रिंग आपले काम करून मोकळी झाली की दांडी आत सरकते. हिसका देऊन ती आत ढकलणे म्हणजे रिंग झिजवणे होय. गिअर पडल्यावर क्लच सोडण्यापूर्वी थोडी रेस देऊन फेरे वाढवले तर धक्का बसत नाही आणि क्लच प्लेटही टिकते. रेंज (गिअरांचा खालचा किंवा वरचा गट) बदलणारा खटका किंवा स्प्लिटर (एका गिअरचे दोन टप्पे करणारा खटका) असलेल्या ट्रकमध्ये आणखी एक पथ्य पाळावे लागते : खालची रेंज घ्यायची असेल तर दांडी जुन्या गिअरमध्ये असतानाच खटका बदलून ठेवावा, म्हणजे दांडी न्यूट्रलमधून जाताना रेंज आपोआप बदलते. गाडी चालू असताना, दांडी न्यूट्रलमध्ये रेंगाळत ठेवून खटका बदलू नये.

वळण आणि चढ

वळणाचा नियम थोडक्यात सांगता येतो. ब्रेक सरळ रस्त्यावर, गिअर सरळ रस्त्यावर, आणि वळणात शिरताना दोन्ही हात स्टिअरिंगवर व पाय हलक्या ॲक्सिलरेटरवर असावा. वळणाच्या मध्यावर गिअर टाकायला गेले तर एक हात दांडीकडे जातो, गाडी काही क्षण न्यूट्रलमध्ये असते आणि क्लच सोडताना बसणारा धक्का नेमका मागच्या चाकांवर येतो. रस्ता ओला असेल किंवा मागचा ट्रेलर रिकामा असेल तर तेवढा धक्का ओढणारी चाके घसरायला पुरेसा असतो, आणि मग ट्रेलर पुढच्या भागाला ढकलत चाकूच्या पात्यासारखा दुमडू शकतो.

चढावर चूक होते ती उशीर करण्याची. फेरे कमी होत होत इंजिन धडधडू लागेपर्यंत वरच्या गिअरमध्ये राहण्याचा मोह होतो, कारण खालचा गिअर टाकताना गाडी आणखी मंदावेल अशी भीती वाटते. ती भीती खरी आहे, पण तिचा उपाय लवकर गिअर टाकणे हाच आहे. डिझेल इंजिन ज्या फेऱ्यांच्या पट्ट्यात सर्वांत जास्त ओढते त्याच्या खालच्या टोकाशी काटा आला की थांबू नये. हा पट्टा ट्रकच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. चढावर न्यूट्रलमध्ये जाताच ट्रक झपाट्याने वेग गमावतो, त्यामुळे सपाट रस्त्याच्या हिशेबापेक्षा थोडे कमी फेरे पुरतात आणि हालचाल चपळ करावी लागते. चढ फारच तीव्र असेल आणि गाडी भरलेली असेल तर एकेक गिअर उतरत बसण्यापेक्षा एक गिअर गाळून थेट त्याखालचा घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

उतार

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि घाईत वाचणाऱ्यांनीही तो सावकाश वाचावा. २५ टनांचा भरलेला ट्रक दर १०० मीटरला ६ मीटर खाली जाणाऱ्या उतारावर ताशी ४० किलोमीटर वेगाने एकसारखा चालत असेल तर गुरुत्वाकर्षणातून येणारी सुमारे १६० किलोवॅट शक्ती सतत कुठेतरी जिरवावी लागते. दोन किलोवॅटचे ऐंशी हीटर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखी ही उष्णता आहे. टायर आणि हवेचा विरोध तिचा थोडासा वाटा उचलतो; बाकीची सर्व चाकांच्या ब्रेकांनी घेतली तर काही किलोमीटरांतच ड्रम तापून फुगतात, ड्रमवर घासणाऱ्या लायनरची पकड सुटत जाते आणि पेडल कितीही दाबले तरी गाडी थांबत नाही. वेग निम्मा, म्हणजे ताशी २० किलोमीटर केला तर जिरवायची शक्तीही निम्म्यावर येते. हळू उतरण्याला पर्याय नाही तो याच कारणाने.

खालच्या गिअरमध्ये चाके इंजिनाला जास्त गतीने फिरवतात आणि इंजिन तेवढ्या जोराने गाडीला रोखते. मात्र डिझेल इंजिनात सामान्यतः पेट्रोल इंजिनासारखी हवा अडवणारी झडप नसल्यामुळे ही रोख फारशी मोठी नसते, आणि म्हणून जड ट्रकांना एक्झॉस्ट ब्रेक, इंजिन ब्रेक किंवा रिटार्डर, म्हणजे चाकांचे ब्रेक न वापरता गाडी रोखणारे साधन, दिलेले असते. यांतले पहिले दोन फेरे जितके जास्त तितके चांगले काम करतात, म्हणजे त्यांचा उपयोगही योग्य गिअरवरच अवलंबून असतो. रस्ता ओला, चिखलाचा किंवा बर्फाचा असेल तर ही तिन्ही साधने वापरू नयेत, कारण त्यांचा जोर फक्त ओढणाऱ्या चाकांवर येतो आणि ती घसरू शकतात.

गिअर कधी निवडावा, याला एकच उत्तर आहे : उताराच्या माथ्यावर, गाडी अजून हळू असताना. उतरू लागल्यावर वेग वाढतो, आणि वाढलेल्या वेगाला खालचा गिअर पडत नाही. त्यासाठी न्यूट्रलमध्ये काढलेली गाडी मग कोणत्याच गिअरमध्ये जात नाही. उतारावर न्यूट्रलमध्ये गेलेला ट्रक क्षणाक्षणाला वेग घेत असतो, त्यामुळे हिशेबापेक्षा जास्त फेरे लागतात आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर ते आणखी वाढत जातात. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणे हा तर जिवाशी खेळ आहे.

‘ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा’ असे जुने चालक सांगतात. जुन्या, कमी ताकदीच्या ट्रकांना ते लागू पडत असे. आजचे ताकदवान इंजिन तोच चढ वरच्या गिअरमध्ये चढून जाते, परंतु त्याची रोखण्याची क्षमता त्या प्रमाणात वाढलेली असतेच असे नाही, म्हणून चढताना वापरलेल्या गिअरपेक्षा खालचाच गिअर घ्यावा आणि मनात शंका आली तर आणखी एक खाली जावे. माथ्यावर, गाडी हळू असतानाच, फार खालचा गिअर घेतला तर थोडा वेळ वाया जातो, यापलीकडे नुकसान होत नाही.

गिअर बरोबर निवडला तरी अधूनमधून ब्रेक लागतोच. आपण ठरवलेल्या सुरक्षित वेगाला गाडी पोचली की ब्रेक ठामपणे दाबून वेग ताशी ८ किलोमीटरने खाली आणावा आणि ब्रेक पूर्ण सोडावा. वेग पुन्हा त्या मर्यादेला आला की तसेच करावे. प्रत्येक वेळी साधारण तीन सेकंद पुरायला हवेत. त्याहून वारंवार किंवा जास्त वेळ ब्रेक लागत असेल तर गिअर वरचा घेतला गेला आहे हे कबूल करावे, आणि ब्रेक शाबूत असतानाच गाडी जवळजवळ थांबण्याइतकी हळू करून खालचा गिअर घ्यावा.

गिअर चुकला तर

गिअर चुकणे हे प्रत्येकाच्या वाट्याला येते. दांडी खरखरू लागली तर ती दाबून धरू नये; न्यूट्रलमध्ये परत आणून क्लच सोडावा. मग नजर आधी रस्त्याकडे आणि नंतर वेगाच्या काट्याकडे न्यावी. आता जो वेग आहे त्याला कोणता गिअर जुळतो हे तक्त्यावरून ठरवावे, कारण मघाचा गिअर आता जुळेलच असे नाही, आणि पुन्हा रेस देऊन तो घ्यावा. दोनदा प्रयत्न फसला, किंवा रस्ता थोडासाही उताराचा असला, तर आणखी प्रयत्न करू नये. ब्रेकने गाडी कडेला पूर्ण थांबवावी आणि पहिल्या गिअरपासून सुरुवात करावी. मागून हॉर्न वाजले तरी वाजू द्यावेत.

सराव

पहिला सराव उभ्या ट्रकमध्ये करावा. हँडब्रेक लावून, दांडी न्यूट्रलमध्ये ठेवून, काट्याकडे न पाहता १२०० फेरे धरावेत आणि मग काटा पाहून किती चुकले ते तपासावे. असेच १५०० आणि १८०० चे करावे. काही दिवसांत कान आकडा ओळखू लागतो, आणि डोळे रस्त्यासाठी मोकळे होतात. दुसरा सराव रिकाम्या, सपाट मैदानात रिकाम्या ट्रकने करावा आणि त्यात एकाच जोडीवर, उदाहरणार्थ पाचव्यावरून चौथ्यावर, सलग वीस-पंचवीस वेळा यावे. सगळे गिअर एकाच दिवशी हाताळण्यापेक्षा एक जोडी पक्की करून पुढच्या जोडीकडे वळणे मला अधिक फलदायी वाटते. त्यानंतर सौम्य चढ, मग सौम्य उतार, आणि तोही प्रशिक्षक शेजारी असताना. भरलेला ट्रक रिकाम्यापेक्षा न्यूट्रलमध्ये वेगळा वागतो : सपाट रस्त्यावर तो वेग हळू गमावतो आणि उतारावर पटकन घेतो. म्हणून माल भरल्यानंतरचा पहिला दिवस हा नव्याने शिकण्याचा दिवस मानावा आणि त्या दिवशी ओळखीचाच रस्ता निवडावा.